नमुना एकशे सतरा

माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण एका प्रथिनावर उभं होतं. त्याचं खरं नाव लांबलचक आहे. आम्ही त्याला टी-नऊ म्हणायचो, कारण नॉर्वेतल्या ट्रॉम्सोमध्ये आमच्या हाती लागलेलं ते नववं संशयित प्रथिन होतं. आधीची आठ निर्दोष सुटली होती. टी-नऊ मात्र सुटणार नाही अशी माझी खात्री होती. प्रबंध एक मार्चला द्यायचा असल्यामुळे ही खात्री माझ्या सोयीचीही होती.

प्रोस्टेटच्या कॅन्सरची शंका डॉक्टरांना बहुतेक वेळा पीएसए नावाच्या प्रथिनावरून येते. रक्तात ते वाढलं की पुढच्या तपासण्या सुरू होतात. पण पीएसए फार घाबरट आहे. ग्रंथी वयामुळे सुजली की ते वाढतं, जंतुसंसर्ग झाला की वाढतं, लांबवर सायकल चालवली तरी कधीकधी वाढतं. मग त्या माणसाला सुई टोचून ग्रंथीचे तुकडे काढतात आणि पुष्कळदा त्यांत काहीच निघत नाही. लघवीतच एखादं जास्त भरवशाचं प्रथिन सापडलं, तर कितीतरी पुरुषांची ती सुई टळेल. आमची सगळी खटपट त्यासाठी चालली होती.

टी-नऊ साठ रुग्णांपैकी सत्तावन्न जणांच्या लघवीत होतं. साठ निरोगी पुरुषांपैकी फक्त एकाच्या. इतका स्वच्छ निकाल मी पाठ्यपुस्तकातसुद्धा पाहिला नव्हता.

ज्या तीन रुग्णांत ते नव्हतं, त्यांचा कॅन्सर मवाळ प्रकारचा असावा, असं मी प्रबंधात दीड पान लिहिलं होतं.

टी-नऊ केसांच्या मुळाशी सापडणाऱ्या प्रथिनांच्या घराण्यातलं होतं. ते प्रोस्टेटमध्ये काय करत होतं, हा प्रश्न कुणीही विचारला असता. माझा मार्गदर्शक हाल्वार याच्याकडे त्याचं उत्तर तयार होतं.

"कॅन्सरची पेशी शिस्त विसरते, सिन्नोव्हे," तो म्हणायचा. "आपलं खातं सोडून दुसऱ्याच्या खात्यातली कामं करत सुटते. पोस्टातला माणूस उठून बँकेत नोटा मोजायला बसला, तसं. प्रोस्टेटच्या पेशीला वाटतंय आपण केस आहोत!"

हे तो शुक्रवारच्या बैठकीत सांगायचा आणि सांगताना विणत असायचा. त्या बैठकीत सगळेच विणतात. एक जण पडद्यावर आपले आलेख दाखवतो, बाकीचे सुया चालवत ऐकतात, मध्ये वॉफल आणि तपकिरी चीज फिरत असतं. हाल्वार तीन वर्षं एकच मोजा विणत होता. आकडेवारी वादग्रस्त झाली की त्याचे टाके सुटायचे आणि मग तो आख्खी ओळ उसवायचा.

विणकामातली आमची खरी उस्ताद टोर्गुन. ती रुग्णालयाच्या बाह्य रुग्ण विभागात नमुने घेते. वय एकसष्ट. रुग्णाकडून डबी घेणं, ती सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवणं, वरचा स्वच्छ भाग छोट्या नळ्यांत भरणं आणि नळ्या गोठवून आमच्याकडे पाठवणं, हे तिचं काम. सेंट्रिफ्यूज दहा मिनिटं फिरतो. दहा मिनिटांत टोर्गुनच्या चार ओळी होतात. त्या इमारतीत तिची टोपी, मोजे किंवा स्वेटर अंगावर नसलेला माणूस एकतर नवा असतो किंवा तिच्याशी भांडलेला.

निरोगी साठ जण आम्हाला एका फटक्यात मिळाले होते, पुरुषांच्या गायनवृंदातून. पन्नाशी-साठीचे पुरुष मंगळवारी संध्याकाळी एका ठिकाणी जमलेले दुसरीकडे कुठे सापडणार? मी त्यांच्या सभागृहात डब्यांची खोकी आणि आमचा छोटा सेंट्रिफ्यूज घेऊन गेले. तिथलं हीटर कुणालाच बंद करता येत नव्हतं, म्हणून मी बिनबाह्यांच्या सुती बनियनवर प्रयोगशाळेचा कोट चढवून काम केलं. मध्यंतरात ते रांगेनं प्रसाधनगृहात जात होते आणि आतून त्यांचं चार स्वरांतलं गुणगुणणं ऐकू येत होतं.

राहिला तो एक. निरोगी असूनही टी-नऊ असलेला. नमुना क्रमांक एकशे सतरा.

दुसरा एखादा शास्त्रज्ञ अशा नमुन्यानं अस्वस्थ झाला असता. हाल्वार खूश झाला.

"त्याला कॅन्सर आहे आणि डॉक्टरांना अजून पत्ता नाही!" तो म्हणाला. "आपण डॉक्टरांच्या पुढे आहोत."

सहभागी लोकांच्या संमतीपत्रात लिहिलेलं असतं की काही गंभीर दिसलं तर कळवू. नावं मला माहीत नसतात, नावांची यादी टोर्गुनच्या कपाटात कुलूपबंद असते. जानेवारीत टोर्गुननं एकशे सतराला पत्र पाठवलं आणि क्लिनिकनं त्याला बोलावून घेतलं. पीएसए ठीक निघालं. बोटानं तपासलं, ठीक. एमआरआय केलं, तेही स्वच्छ.

"म्हणजे इतकी सुरुवात आहे की एमआरआयलाही दिसत नाही," हाल्वार म्हणाला आणि दोन टाके पुढे गेला.

मी मान डोलावली. हे लिहायला बरं वाटत नाही, पण डोलावली.

फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी एक उंच, रुंद माणूस प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभा राहिला. हातात लोकरीची टोपी, पायांत बूट काढून नुसते मोजे. आवाज असा की कपाटातल्या काचा हलाव्यात.

"सिन्नोव्हे तूच का? मी ऑडलाइफ. तुझा एकशे सतरा."

"तू मला हे सांगायला नको होतंस," मी म्हणाले. "मला नाव कळता कामा नये."

"आता कळलं. मला खुर्ची आहे का?"

मी खुर्ची दिली. तो बसला, टोपी गुडघ्यावर ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिला.

"तीन डॉक्टरांनी बघितलं. एकानं तर असं बघितलं की आम्ही आता एकमेकांना नावानं हाक मारतो. तिघंही म्हणतात, काही नाही. आणि वर म्हणतात, विद्यापीठातल्या लोकांना काहीतरी दिसलंय, म्हणून एप्रिलमध्ये सुईनं तुकडे काढू. तर मी विचारायला आलो की तुम्हाला काय दिसलंय?"

"एक प्रथिन."

"कसलं?"

"साधारण केसांसारखं."

ऑडलाइफनं आपल्या संपूर्ण टकलावरून हात फिरवला. "बरोबर, म्हणजे ते सगळे तिकडे गेले."

मला हसू आलं, पण त्याला येत नव्हतं. त्यानं टोपी दोनदा पिळली.

"एक विचारू? तू हसशील."

"नाही हसणार."

"ऑपरेशन झालं की आवाज चढतो का?"

"काय?"

"वृंदातली पोरं म्हणतात. पोरं म्हणजे साठीची. म्हणतात, तिथलं काढलं की माणूस वरच्या पट्टीत गायला लागतो. आमच्यात खालचा रे माझ्याशिवाय कुणाला लागत नाही. मेमध्ये आम्ही बूडोला गाणार आहोत. संचालक दर मंगळवारी माझ्याकडे मेलेल्या माणसाकडे बघावं तसा बघतो."

"आवाज चढत नाही," मी म्हणाले. "तो वेगळा अवयव."

"नक्की?"

"नक्की."

त्यानं सुस्कारा सोडला. टेबलावरचा कागद हलला.

"तरी ती सुई काही आवडत नाही मला," तो म्हणाला. "आणि खरं सांगू का, त्या मंगळवारी मी सरावाला आलोच नव्हतो. सर्दीनं पडलो होतो. लघवी नंतर दिली, रुग्णालयात. टोर्गुनकडे. ती मोज्याची टाच विणत होती. म्हणाली, थांब, टाचेच्या मध्ये उठता येत नाही. मी डबी हातात धरून सात मिनिटं उभा होतो."

त्यानंतर तो आणखी काहीतरी बोलला, पण मला ते आठवत नाही. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. रुग्णांचे सगळे नमुने टोर्गुनच्या खोलीतून आले होते. निरोगी लोकांचे एकोणसाठ माझ्या हातून, सभागृहातून. आणि टी-नऊ असलेला एकुलता एक निरोगी माणूस टोर्गुनच्या खोलीत उभा राहून गेला होता.

म्हणजे माझी तुलना आजारी आणि निरोगी यांच्यात नव्हतीच. ती दोन खोल्यांमधली होती.

ऑडलाइफ गेल्यावर मी रुग्णांच्या नमुन्यांचे क्रमांक आणि तारखा यांची यादी काढली. टी-नऊ नसलेले तीन रुग्ण, माझे मवाळ कॅन्सरवाले, एकाच आठवड्यातले होते. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. मी क्लिनिकच्या सुट्ट्यांचा तक्ता बघितला. त्या आठवड्यात टोर्गुन सुट्टीवर ग्रान कानारिया बेटावर गेली होती. तिच्या जागी आलेला मुलगा फोनवर फुटबॉल बघायचा.

माझं दीड पान हे खरं तर टोर्गुनच्या सुट्टीतल्या सहलीचं वर्णन होतं.

आता चाचणी हवी होती. मी वीस डब्यांत शुद्ध पाणी भरलं आणि सगळ्यांवर खरे वाटतील असे क्रमांक चिकटवले. दहा टोर्गुनकडे नेहमीच्या नमुन्यांबरोबर दिल्या. तिला काही सांगितलं नाही. ते बरोबर नव्हतं, पण सांगितलं असतं तर तिनं सुया बाजूला ठेवल्या असत्या आणि चाचणीच राहिली नसती. उरलेल्या दहा मी माझ्या खोलीत केल्या. असं पाणी मी पूर्वीही तपासलं होतं, पण नेहमी माझ्याच खोलीत. चूक कुठे शोधायची हे माणूस आपल्या सोयीनं ठरवतो, हे मला तेव्हा कळलं.

गुरुवारी निकाल आला. माझ्या पाण्यात काही नाही. टोर्गुनच्या दहापैकी नऊ डब्यांतल्या पाण्याला प्रोस्टेटचा कॅन्सर होता.

पुढचं सोपं होतं. आमचं यंत्र प्रथिनाचे तुकडे तोलतं आणि संगणक ती वजनं माणसाच्या प्रथिनांच्या यादीशी ताडून बघतो. यादीत फक्त माणूस असेल तर संगणक माणसाबाहेर बघत नाही. अगदी जुळणारं काही सापडलं नाही तर वजनात थोडी सवलत देतो आणि जवळच्या नातेवाइकाचं नाव सांगतो. टी-नऊच्या बाबतीत त्यानं अशी सवलत दिली होती. तेव्हा मला तो कॅन्सरनं केलेला बदल वाटला होता आणि मी त्यावर एक सुंदर आकृतीही काढली होती. आता मी यादीत मेंढी घातली. कुठलीही सवलत न घेता तुकडा मेंढीच्या लोकरीशी तंतोतंत जुळला.

टोर्गुनच्या कोटाच्या बाहीतून स्वेटरचं मनगट दोन बोटं बाहेर असतं. मांडीवर लोकर, हातांत सुया, आणि दहा मिनिटं झाली की तीच बाही उघड्या नळ्यांवर.

खात्री म्हणून तिच्या लोकरीच्या गुंड्यातला एक धागाही यंत्रात घातला. टी-नऊ इतकं निघालं की आलेख पडद्याच्या वर गेला. आमच्या निकषांप्रमाणे त्या गुंड्याच्या जगण्याची काही आशा नव्हती.

मी आधी टोर्गुनकडे गेले. ती लाल-पांढरी नक्षी विणत होती. मी सगळं सांगितलं. ती ऐकत होती, पण सुया थांबल्या नाहीत. फक्त पाण्यापाशी थांबल्या.

"मला पाणी दिलंस?"

"हो."

"दहा डब्या? आणि मी ते गोठवून, चिठ्ठ्या लावून, तापमान लिहून पाठवलं?"

"हो. माफ कर."

"मला वाटलंच होतं एक-दोघं फार पाणी पितात म्हणून." तिनं स्वेटरचं मनगट कोटाच्या बाहीत सारलं. "म्हणजे माझ्या बाहीमुळे तुझी डॉक्टरेट बुडाली."

"बाही तुझी होती. प्रयोगाची आखणी माझी. रुग्ण एका खोलीत आणि निरोगी दुसऱ्या खोलीत, असं मी ठरवलं."

"मला चार वर्षांत एकानंही म्हटलं नाही, टोर्गुन, विणू नको. हाल्वार तर इथे बसून विचारतो, हा उलटा टाका कसा घालायचा." तिनं सुया पिशवीत टाकल्या आणि पुन्हा बाहेर काढल्या. "उद्या बैठकीत मी येणार. तू बोलशील तेव्हा मला तिथे बसायचंय. लोक माझ्यावर मागून हसलेले मला चालत नाहीत. समोर हसू देत."

शुक्रवारी नऊ जण होते. वॉफल गरम होते. मी पहिला आलेख लावला तो पाण्याचा. सांगायला सुरुवात केली तेव्हा नऊ जोड्या सुया चालू होत्या. मी 'ग्रान कानारिया' म्हणाले तेव्हा चार उरल्या. 'मेंढी' म्हणाले तेव्हा एकही नाही. सगळे आपापल्या मांडीकडे बघत होते. कुणीतरी वॉफलवरून स्वेटरचा धागा हळूच उचलला.

हाल्वारनं पहिल्यांदा यंत्रावर शंका घेतली. मग पाण्यावर. मग मला विचारलं, मेंढीची यादी कुठल्या वर्षीची आहे. मी सांगितलं. मग तो उठला, पडद्याजवळ गेला आणि नाक लावून आलेख बघितला, जणू जवळून तो वेगळा दिसेल.

"पंधरा मार्चला माझं बर्गनला भाषण आहे," तो म्हणाला. "शीर्षक छापून झालंय. 'भरवशाची नवी खूण.' मी तिथे काय सांगू?"

"सांग की आम्ही मेंढी अचूक ओळखतो," टोर्गुन म्हणाली. "साठात सत्तावन्न वेळा."

कुणीतरी हसायला लागलं आणि मग थांबता थांबेना. हाल्वार हसला नाही. तो खुर्चीवर बसला आणि त्या तीन वर्षांच्या मोज्याकडे बघत म्हणाला, "या प्रथिनावर मी माझ्या बायकोला रोज जेवताना बोलायचो." एवढं म्हणून त्यानं माझ्याकडे मान वळवली. "तुझं तिसरं प्रकरण गेलं."

"हो."

"दोन प्रकरणांवर प्रबंध होत नाही."

"माहीत आहे."

"आणि तू हे मला गुपचूप सांगायच्या ऐवजी इथे सगळ्यांसमोर सांगितलंस."

"गुपचूप सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, एक मार्च होऊन जाऊ दे."

त्यानं मोज्याची आख्खी ओळ उसवली. "म्हणालो असतो," तो शेवटी म्हणाला. "एक आठवडा तरी म्हणालो असतो. मुदतवाढीच्या कागदावर सही करतो मी. आण."

दुपारी टोर्गुननं क्लिनिकला कळवून ऑडलाइफची सुई रद्द करवली आणि त्याला फोन लावून रिसीव्हर माझ्या हातात दिला.

"तुझं नाव मला माहीतच नाही असं समज," मी म्हणाले. "तुला काहीही झालेलं नाही. आमच्या डबीत लोकर पडली होती."

 मग तो आवाज.

"लोकर."

"टोर्गुनच्या मोज्याची."

"म्हणजे तीन डॉक्टरांनी मला जे केलं ते एका मोज्यासाठी केलं?"

"हो. मला खरंच वाईट वाटतंय."

"वाईट?" तो इतक्या मोठ्यानं ओरडला की टोर्गुननं दोन टेबलं पलीकडून मान वर केली. "अगं पोरी, मी आत्ता संचालकाला फोन करतो!" आणि फोन ठेवायच्या आधी त्यानं खालचा रे लावला. मला तो कानापेक्षा दातांत जास्त ऐकू आला.

मुदतवाढीचा अर्ज संगणकावर भरायचा असतो. विलंबाचं कारण निवडायला चारच पर्याय आहेत: आजारपण, बाळंतपण, यंत्र बिघाड, इतर. मी 'इतर' निवडलं. खाली एक रकाना उघडला, त्यात 'मेंढी' असं लिहिलं, कारण जास्त लिहायला जागा नव्हती. तीन दिवसांनी, सोमवारी, विद्यापीठाच्या कार्यालयातून बेनेडिक्टेचा फोन आला.

"सिन्नोव्हे, तुझ्या अर्जात मेंढी आहे."

"हो."

"मेंढी असेल तर प्राण्यांवरील प्रयोगांचा परवाना लागतो. त्याचा क्रमांक तू दिलेला नाहीस. संगणक अर्ज पुढे जाऊ देत नाही."

"मी मेंढीवर प्रयोग केलेला नाही. मेंढी प्रयोगात आली."

"आपणहून?"

"स्वेटरमधून."

"जिवंत आहे?"

"असावी. मी फक्त लोकर पाहिली."

बेनेडिक्टेनं काहीतरी टंकलं. "मी 'यंत्र बिघाड' टाकते," ती म्हणाली. "संगणकाला मेंढी समजावणं माझ्या पगारात बसत नाही. एक सप्टेंबर चालेल?"

मी चालेल म्हणाले. सहा महिन्यांत दोन्ही गटांचे नमुने एकाच खोलीत, एकाच हातानं, सुती कपड्यांत पुन्हा घ्यायचे होते. मेंढी वगळल्यावर जुन्या आकड्यांत एका बारीकशा, कंटाळवाण्या प्रथिनाचा किंचित फरक शिल्लक होता. तो खरा होता की दोन खोल्यांमुळेच होता, हे नवे नमुने आल्याशिवाय कळणार नव्हतं. त्याला मी अजून टी-दहा म्हटलेलं नाही.

त्याच सोमवारी मी एकशेवीस पुरुषांना पत्र लिहायला घेतलं. पहिलं वाक्य तीन वेळा खोडून चौथ्यांदा लिहिलं: 'गेल्या वेळी आपण दिलेल्या नमुन्यात आपला काहीही दोष नव्हता.' टोर्गुननं माझ्या खांद्यावरून वाचलं.

"'दोष' काढ," ती म्हणाली. "हा शब्द वाचला की म्हातारे पुढचं वाचत नाहीत, थेट मृत्युपत्र काढतात."

"मग काय लिहू?"

"लिही की लघवी पुन्हा हवी आहे. कॉफी मिळेल."

तेच लिहिलं.